ठिपकेबाई

प्रयोगशाळेत तिला सगळे ठिपकेबाई म्हणत, आणि ते नाव तिनंच ओढवून घेतलं होतं. पेशीच्या केंद्रकात एक गडद ठिपका असतो, केंद्रिका. प्रथिनं घडवणारे रायबोसोम तिथे तयार होतात. उंदराच्या पेशीतला हा ठिपका कशामुळे एकसंध राहतो, या प्रश्नापायी बाईनं ऐन उमेदीची वर्षं घातली. तिच्या मते एक एन्झाइम त्याला सांभाळून असतं. औषध घालून ते एन्झाइम बंद पाडलं की सकाळी ठिपके विरून गेलेले दिसत. विभागप्रमुख सर भलतेच खूश होते. शोधनिबंध छापून आला की कायमची नोकरी, असं त्यांनी तोंड भरून सांगितलं होतं.

औषध ती संध्याकाळी घालायची. घरी आई अंथरुणाला खिळलेली, मदतनीस घड्याळाकडे डोळे लावून बसलेली. त्यामुळे औषध घालायचं, पळत सुटायचं आणि ठिपके सकाळी बघायचे, असा शिरस्ताच पडला.

एकदा थोरली बहीण आईपाशी राहायला आली. बाईला आयता दिवस मिळाला. तिनं सकाळीच औषध घातलं आणि दुपारी पाहिलं. एन्झाइम पार बंद, आणि ठिपके ठणठणीत. तिनं आधीच्या सकाळच्या स्लाइड पुन्हा काढून निरखल्या. औषधामुळे पेशी विभाजन सुरू होताच तिथेच अडकत होत्या, आणि विभाजनाच्या वेळी धडधाकट पेशीसुद्धा आपला ठिपका विरघळवतेच. रात्रभरात बहुतेक सगळ्या तिथे पोचायच्या. ठिपका सोडून बाकीची पेशी बघायची तसदी बाईनं घेतलीच नव्हती.

तिनं सरांना सांगितलं.

"आणखी कुणाला बोललीस?"

"नाही."

"मग गप्प बस. आधी कायम हो, पुढचं पुढे बघू."

तिला ते जमलं नाही. निबंध बारगळला, जागा दुसऱ्याला गेली. खरेपणाचं कौतुक राहिलं बाजूला, एवढं साधं इतकी वर्षं कळलं नाही म्हणून लोक हसले तेवढे.

"झालीस का गं कायम?" आईनं विचारलं.

"नाही. प्रयोग चुकला."

"माझ्यापायी तुझी ओढाताण होते. त्यानं तर नाही ना चुकला?"

'हो' अगदी ओठांवर आलं होतं. बाईला आईचा राग आला, खराखुरा, आणि त्याची लाजही वाटली नाही.

"नाही," ती म्हणाली आणि आईला कुशीवर वळवलं. हात जरा जोरातच पडला. आई कळवळली.