दोरीवरचे पाच मास्क

गॅलरीतल्या दोरीवर पाच पांढरे मास्क वाळत होते. आईने प्रत्येकाला दोन-दोन चिमटे लावले होते.

ताई सरकारी दवाखान्यात नर्स आहे. दवाखान्यात नवे एन-९५ मास्क येईनात, म्हणून तिने असलेले पाच कागदी पिशव्यांत ठेवून प्रत्येकीवर वार लिहिला होता. वापरलेला मास्क काही दिवस तसाच राहू द्यायचा, मग पुन्हा घालायचा. पाणी मात्र लावायचं नाही. साबणाने धुतला की असा मास्क विषाणू नीट अडवत नाही.

हे आईला सांगायचं राहून गेलं.

"किती कळकट झाले होते," आई म्हणाली. "चांगले चोळून काढले."

आम्ही दुखण्यातून उठलो की आई आधी चादरी धुते. तिची माया हातातून, साबणातूनच येते. तिच्यावर ओरडायचं तरी कसं?

ताईने एक मास्क काढून तोंडावर चढवला. "छान निघालेत, आई," म्हणाली आणि ड्यूटीला निघाली. मी तिला जिन्यात गाठलं.

"ताई, हा घालून जाऊ नकोस."

"दुसरा आहे?" तिने विचारलं.

मी बाजूला झालो. वर गॅलरीत आई उरलेले चार मास्क उलटे करून उन्हाकडे वळवत होती.