डॉक्टरांच्या कोटाचा डोंगर

आमची आत्या शिंपीण. जिन्याखाली तिचं दुकान: मशीन, इस्त्रीचं टेबल आणि आत्या, चौथ्याला उभं राहायला जागा नाही. तिच्याकडे गिऱ्हाइकाचं बोटभर कापड कधी कमी आलं नाही, आणि याचा तिला भारी तोरा.

एकदा ती संग्रहालयाचे पडदे लावायला गेली आणि पार बिघडून आली. तिथे डोंगराचं एक जुनं चित्र होतं. जवळून पाहावं तर नुसते निळे, हिरवे, गेरूच्या रंगाचे तुकडे. मागे सरकलं की डोंगर अंगावर येतो म्हणे. "अगं, तो रंगवलेलाच नाही! शिवलाय!" मला गदागदा हलवून ती सांगत होती. कातरणांची पोती उपसून तिने भिंतीएवढा डोंगर शिवायला घेतला. साठीला आलेली बाई चक्क शीळ घालायला लागली.

अडलं ते शिखराखालच्या सावलीपाशी. हवा तसा निळा मिळेना. एका दुपारी तंद्रीतच तिने समोरच्या कापडातून तो निळा कापला, जोडला, टाळ्या पिटल्या. मग तिला घाम फुटला. ती आमच्या दंतवैद्याच्या कोटाची पाठ होती. त्यांच्या मुलीचं लग्न तोंडावर, आणि तसलं कापड आता बाजारात निघतच नाही.

डॉक्टर म्हणजे जमदग्नी. जन्मभर दुसऱ्यांचे दात पाहिले, स्वतःचे कुणाला दाखवले नाहीत.

"आत्या, उसव तो तुकडा आणि लाव परत. त्यांना कळणारही नाही," मी म्हटलं.

तिने ब्लेड उचललं, खाली ठेवलं. "नाही उसवणार. आयुष्यभर लोकांचंच शिवलं. हे एवढं एक माझं आहे. होऊ दे काय व्हायचं ते." मला रडूच आलं.

डॉक्टर आले तेव्हा डोंगर दुकानाबाहेरच्या भिंतीवर टांगलेला होता. आत्याने सगळं सांगून टाकलं. ते लालबुंद.

"माझा कोट कुठाय?"

"इथून नाही कळायचं. रस्त्यापलीकडून बघा," आत्या म्हणाली.

ते तरातरा पलीकडे गेले, वळले आणि उभेच राहिले. बऱ्याच वेळाने परत आले.

"शिखराखालचा तो निळा तुकडा माझा?"

"तुमचा."

"मग त्या गेरूच्या खडकाचं कापड उरलंय ना? ते लावा माझ्या पाठीला."

आत्या एवढी हसली की मशीनला धरून तिला खालीच बसावं लागलं.

लग्नाच्या फोटोत सगळी मंडळी दात काढून उभी आहेत. मुलीचा बाप तेवढा पाठमोरा.