बोटावरची धूळ

धुळ्यातला आमचा मेकॅनिक हवेच्या फिल्टरची परीक्षा जिभेने घेई. इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत बोट फिरवायचं, ते जिभेला लावायचं आणि दातांखाली किरकिर लागते का पाहायचं. लागली, तर धूळ आत शिरते आहे. दुकानातल्या तयार, महागड्या फिल्टरला तो नुसता ‘डबा’ म्हणे. माझ्या पिकअपला त्याने स्वतःच जाड प्लास्टिकचा पाइप तापवून वाकवला, तोंडाशी स्पंज बसवला आणि हवेची नवी नळी करून दिली.

महिन्याने मी वही घेऊन गेलो. गाडी लिटरमागे पाऊण किलोमीटर जास्त धावत होती. मी तीनदा मोजलं होतं.

“मी सांगेल व्हतं ना, भाऊ!” म्हणत त्याने सवयीने नळी उघडली, बोट फिरवलं, चाखलं आणि दातांखाली किरकिर लागताच तो बाजूला थुंकला.

“अहो, गाडी छान पळते आहे,” मी म्हणालो.

“तुम्हना हिशोब खरा शे, भाऊ. पन हाई धूळबी खरी शे. इंजिन खाई जाई.”

आपली नळी त्याने हातोडीने चेचली आणि दुकानातून तो ‘डबा’च आणून बसवला. मी निघणार, तोच शटर ओढून तो माझ्या शेजारी येऊन बसला.

“आता कुठे?”

“सोनगीरले. तठे दोन गाड्यास्ले मी हाईच नळी बसाडेल शे.”

“त्यांची काही तक्रार आली का?”

“नही ना. दोन्ही मालक खूश शेतस. म्हनीसनच जानं शे.”