तेहेतीसच्या जागी पंधरा

माझ्या बायकोला माझं सगळं ठाऊक आहे, असं ती म्हणते. हे ठाऊक नाही. हे मी आजवर कुणाशीच बोललेलो नाही — तुमच्याशी बोलतोय, कारण सातपूरच्या त्या शेडमध्ये तुम्ही कधी आला नव्हता आणि निकाळजेंना तुम्ही ओळखत नाही.

ऐंशीनंतरची पहिली दोन-चार वर्षं. छोटा कारखाना, मालक आणि आम्ही बारा माणसं. धोक्याची सूचना देणारे पॅनेल आम्ही बनवत असू. एखादं मशीन बंद पडलं की पॅनेलवरची त्याची खिडकी लाल पेटायची. आत साधे बल्ब असत आणि ते सारखे जायचे. म्हणून एलईडी बसवायचं ठरलं. तेव्हा ते नवीन होते. सर्किट निकाळजेंनी केलं. मी टेस्टिंगला होतो. चार वर्षं आमची टेबलं शेजारी-शेजारी.

ते सर्किट थोडं सांगायला हवं. की मी उगाच लांबण लावतोय? असेलही. एका खिडकीत चार एलईडी, एका ओळीत. त्यांच्यासाठी दोन ट्रान्झिस्टर, दोन रेझिस्टन्स, बस. बारा व्होल्टची बॅटरी भरलेली असो नाहीतर उतरलेली, दिव्यांतून करंट जातो तो तेवढाच. एक ट्रान्झिस्टर करंट सोडतो, दुसरा त्याच्यावर लक्ष ठेवतो आणि जास्त झाला की पहिल्याला आवरतो. जास्त म्हणजे किती, हे एका छोट्या रेझिस्टन्सवर ठरतं. निकाळजेंनी तो तेहेतीस ओमचा घेतला होता. त्यातून अठरा मिलिअँपिअर मिळायचे. आमच्या एलईडीला वीस सोसत. तिथं पंधरा ओमचा घातला तर चाळीस जातात. दिवे झगझगीत दिसतात आणि काही महिन्यांत मंदावतात.

हे मला तेव्हाही माहीत होतं. नीट माहीत होतं.

दसऱ्याला कारखान्यात पूजा असायची. त्या वर्षी पूजेला पिंपळगाव बसवंतचे एक कोल्ड स्टोरेजवाले येणार होते, नवं पॅनेल बघायला. निकाळजे मात्र दसऱ्याला कधीच नसायचे. ते आईला घेऊन नागपूरला, दीक्षाभूमीवर जायचे. चार दिवसांची रजा, दरवर्षी. जाण्यापूर्वी ट्रेसिंग पेपरवर शाईनं ड्रॉइंग काढून, प्रिंट स्टोअरला देऊन गेले होते.

आदल्या दिवशी मी पॅनेल पेटवून बघितलं. शटर वर, समोरून ऊन. लाल रंग फिका वाटत होता. मालक मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "एवढंच?" एवढंच म्हणाले. निकाळजे आल्यावर बघू, असं मी सांगू शकलो असतो. काय बिघडलं असतं?

स्टोअरला सिन्नरकडचे एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांच्याकडे पंधरा ओमचे रेझिस्टन्स मागितले. त्यांनी प्रिंटवर बोट ठेवलं. "ह्याच्यावर हाय तेच मिळंल. मालक आले तरी दुसरं नाय." आणि ज्याचं ड्रॉइंग त्यानंच बदल करायचा, बाजूला सही करायची, असा कारखान्याचा नियम.

मी कपाटातून निकाळजेंचं मूळ ट्रेसिंग बाहेर काढलं. अर्ध्या ब्लेडनं तेहेतीसचा आकडा खरवडला, नखानं कागद घासून गुळगुळीत केला आणि पंधरा लिहिलं — निकाळजेंच्या अक्षरात. त्यांच्या इंग्रजी एकाला खाली छोटी रेघ असायची, पाचाची टोपी उजवीकडे लांब. आजही मला तसं काढता येतं. त्यावरून नवी प्रिंट काढली, आधीची चुकीची होती असं सांगून स्टोअरला बदलून दिली, जुनी फाडली, सही केली नाही.

त्यांच्या अक्षरात का? स्टोअरवाल्यानं विचारू नये म्हणून — हे खरं आहे. पण एवढंच खरं आहे का? कुणाचं ड्रॉइंग गचाळ आलं की मालक म्हणायचे, जा, निकाळजेंचं बघून या. मलाही दोनदा पाठवलं होतं. त्यांचा तो नीटनेटकेपणा मला खुपायचा. त्या कागदावर ब्लेड चालवताना बरं वाटलं, हेही सांगून टाकतो.

दसऱ्याला झेंडूच्या माळांमध्ये पॅनेल असं पेटलं की पिंपळगावच्या पाहुण्यांनी डोळ्यांवर हात धरला. ऑर्डर मिळाली. निकाळजे नागपूरहून आले. आज सांगू, उद्या सांगू असं माझं आठवडाभर चाललं. मग माल बाहेर पडायला लागला आणि मी तो विचारही सोडला.

उन्हाळ्यात तक्रार आली. कोल्ड स्टोरेजचा एक कॉम्प्रेसर दुपारी बंद पडला. खिडकी पेटली होती, पण इतकी मंद की ऑपरेटरला दिसलीच नाही. एका खोलीतली सगळी द्राक्षं गेली. मालकांनी ट्रेसिंग टेबलावर पसरलं आणि निकाळजेंना बोलावलं. मी तिथंच उभा होतो.

त्यांनी रेझिस्टन्सचा आकडा बघितला. मग हिशेबाची आपली वही आणून शेजारी ठेवली. वहीत तेहेतीस, ड्रॉइंगवर पंधरा. कुणीतरी बदललं असेल, हे त्यांच्या मनात आलंच नाही. त्यांच्या मनात तसलं काही यायचं नाही. बाजूच्या दुसऱ्या रेझिस्टन्सला पंधरा किलोओम होतं. नजर तिकडे घसरली असणार, असं त्यांनीच शोधून काढलं. म्हणाले, "अक्षर माझंच आहे. उतरवताना चुकलो."

"तुमच्यासारख्याकडून असं होतं कसं?" मालकांनी विचारलं. आणि तेव्हा मी बोललो. मला कुणी विचारलं नव्हतं.

"नागपूरला निघायची घाई होती ना त्यांची."

सांभाळून घेतल्याच्या सुरात म्हणालो. मालकांनी मान हलवली. तेवढ्यानं प्रकरण मिटलं; स्टोअरवाल्याला कुणी विचारलंच नाही. ड्रॉइंगचं काम निकाळजेंकडून काढून माझ्याकडे दिलं, त्यांना सोल्डरिंगला बसवलं. ते केलेला जोड पुन्हा तपासायचे, परत तपासायचे, शेवटी शेजाऱ्याला दाखवायचे. पूर्वी ते असं कधी करत नसत. वर्षभरात त्यांनी नोकरी सोडली.

इथं थांबलो असतो तर एक चूक आणि एक भित्रेपणा, एवढंच माझ्या नावावर राहिलं असतं. पण चार-पाच वर्षांनी त्यांनी मला बोलावलं. ते एका आयटीआयमध्ये शिकवत होते. कारखान्यातला माणूस मुलांनी बघावा, अशी त्यांची इच्छा. मी गेलो. का गेलो? नाही म्हणायला कारण सुचलं नाही.

फळ्यावर त्यांनी तेच सर्किट काढलं. मग मुलांना सांगितलं की या छोट्या रेझिस्टन्सपाशी माझ्या हातून मोठी चूक झाली होती, म्हणून इथं प्रत्येक आकडा दोघांनी तपासायचा. एका मुलीनं विचारलं, "पण सर, वहीत बरोबर होतं तर ड्रॉइंगवर कसं चुकलं?"

"घाई," ते म्हणाले. "नागपूरची गाडी धरायची होती. त्यानंतर तीन वर्षं मी दसऱ्याला गेलोच नाही. आई शेजाऱ्यांसोबत जायची." मग माझ्याकडे वळले. "हे कुलकर्णीसाहेब तेव्हा तिथंच होते. विचारा त्यांना."

मुलगी माझ्याकडे बघत होती. मालक नव्हते, नोकरी जायची नव्हती, एक वाक्य पुरलं असतं.

मी म्हणालो, "हो. घाईच होती."

तास संपल्यावर निकाळजेंनी मला चहा पाजला. म्हणाले, त्या दिवशी मालकांसमोर तुम्ही एकट्यानं माझी बाजू घेतलीत, ते मी विसरलेलो नाही. मी चहा संपवला आणि बसनं सातपूरला परत आलो.