गालाला लावलेली दशमी

आम्ही नवराबायकोनं मिळून शेवटचं साधं काम केलं ते दशम्या गार करायचं. मी म्हसवडहून घोंगड्या घेऊन पायी बाजार करायचो. तिनं दुधात पीठ मळून दशम्या भाजल्या, बाजेवर धोतर अंथरून एकेक सुटी मांडली. मग एक उचलून माझ्या गालाला लावली.

"गार हाय का?"

"तूच बघ की."

"माझी बोटं तव्यानं मेल्याती. तुमचा गाल तरी कामाला येऊ द्या. नुसता दाढी वाढवायला हाय व्हय?"

दरवेळी हेच. गाल गार म्हणाला की मगच फडक्यात बांधायची. तिची शिदोरी चौथ्या दिवशीही मऊ. मुक्कामावर बाकीचे गडी वाळकी भाकरी पाण्यात बुडवायचे आणि माझ्या फडक्याकडं बघायचे.

मी बाजारावरून आलो तर तिला ताप चढलेला. त्यातच गेली. जास्त लिहीत नाही, लिहून ती यायची नाही.

कराडला दिलेली लेक पहिलटकरीण, सातवा चाललेला. अवघडलेली म्हणून तेराव्यालाही आणली नव्हती. तिनं एका गाडीवानाजवळ सांगावा धाडला. आईच्या हातची आता कुठली, पण आपल्या घरची दशमी आणि कारळ्याची चटणी खावीशी वाटते. डोहाळ्याची शिदोरी आईनं न्यायची, ही आमच्यातली रीत. धाकट्या भावाच्या बायकोला म्हणालो, मी नेतो.

"आवं भावजी, वरीस झाल्याबिगर ह्या घरातनं असली शिदोरी जाती का? आन् ती बी गड्यामाणसानं न्यायची?"

"डोहाळं वरीसभर थांबत्यात व्हय? थांबत असतील तर पोरीला तसं कळीव."

ती पदर तोंडाला लावून हसली. तेराव्यानंतर घरात पहिल्यांदा कुणी हसलं.

"करा मग तुमचं तुमी. मला सासूबाईंचं बोलणं खायचं न्हाई."

संध्याकाळी मीच चुलीपुढं बसलो. कडा फुटल्या, एक करपली, पण झाल्या. पहाटे निघायचं म्हणून घाईनं गरमच बांधल्या.

सकाळी फडकं हाताला ओलं लागलं. दशम्यांना घाम फुटून त्या एकमेकींना चिकटल्या होत्या, वास आंबूस. लढाईपायी सर्व्हिस मोटारी पेट्रोलवाचून उभ्या होत्या, कराडपर्यंत पायपीटच. तशाच नेल्या असत्या तर पोरीपुढं लगदा ठेवला असता. शेळीपुढं टाकल्या. तिनं मिटक्या मारत खाल्ल्या.

चूल परत पेटवली. भावजय दारातनं बघत होती. आत आली आणि परातीपुढं बसली.

"सरका. तुमचं पीठ बघून शेळी बी हसली असंल."

तिनं थापल्या, मी भाजल्या. बाजेवर धोतर अंथरलं, सुट्या मांडल्या. एक गालाला लावली. कोमट. परत ठेवली. ऊन उंबऱ्यावर येईस्तोवर बसून राहिलो. मग दुसरी लावली. गार होती.

फडकं बांधलं, चटणी पानात गुंडाळली, दोन्ही खांद्यावरच्या पडशीत घातलं.

"दाढी तरी करा, लेकीच्या सासरी निघालाय," भावजय म्हणाली.

केली, आणि कराडच्या वाटेला लागलो.