नदीचा रकाना आणि बसचा रकाना

आमची आत्या तंबू दुरुस्त करते. पाठीवर टाकून डोंगरात नाहीतर नदीकाठी नेतात ना, ते लहान तंबू. किल्लीवाला आणि झेरॉक्सवाला यांच्या मधल्या चिंचोळ्या गाळ्यात तिचं दुकान आहे. मोठा तंबू आला की त्याचा अर्धा भाग रस्त्यावर पसरावा लागतो. येणारेजाणारे निमूट वळसा घालून जातात, कारण कुरकुर केली तर आत्या काय ऐकवेल, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे.

तेवीस वर्षं तिने दुसऱ्यांच्या सहलींना ठिगळं लावली आणि स्वतः एक रात्रही तंबूत काढली नाही. पण नदी मात्र तिला पाठ. गिऱ्हाईक तंबू टाकून जायचं, आत्या तो उलटा करून झटकायची आणि लगेच सांगायची, "हे वरच्या पुलाजवळ राहिले होते." तिथला चिखल काळा. दुसऱ्या मुक्कामाहून आलेल्या तंबूंच्या तळाला बारीक भोकं, कारण तिथे काटेरी झुडपं. मोठ्या वळणावर राहिलेल्या प्रत्येक तंबूची डावी शिवण उसवलेली, कारण तिथे वारा कायम एकाच बाजूने मारतो. न पाहिलेल्या नदीबद्दल इतक्या अधिकाराने बोलणारी दुसरी बाई मला माहीत नाही. ती चुकलेलीही मला माहीत नाही, हे त्याहून वाईट.

तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, बस डेपोत वेळापत्रकं बनवायचे. गेल्या वर्षी निवृत्त झाले आणि घराच्या मागे लागले. दूध किती मिनिटांनी उतू जातं, वरून खाली यायला मला किती सेकंद लागतात, सगळं त्यांना तोंडपाठ. मी त्यांच्याच वरच्या मजल्यावर राहते, दाताच्या दवाखान्यात अपॉइंटमेंटा लिहिते आणि जेवायला खाली असते. त्यामुळे पुढे जे झालं ते मी भरल्या पोटी पाहिलेलं आहे.

झालं असं की आत्याचा खांदा आखडायला लागला. आयुष्यभर जाड कापड मशीनखाली ढकलल्यावर दुसरं काय होणार! डॉक्टर म्हणाले, "यंदा हात चालतोय. पुढच्या वर्षीचं मी काही सांगू शकत नाही." आत्या घरी आली, चहा ठेवला आणि म्हणाली, "अहो, यंदा नदी करायची. वरच्या पुलापासून खालच्या बंधाऱ्यापर्यंत. पाच दिवस, चार रात्री, दोघांची होडी. आपण दोघं."

"करू की," काका म्हणाले. "पण आधी नीट आखू."

आणि जेवणाचं टेबल गेलं. तीन आठवडे आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवलो. काकांनी डेपोतले उरलेले रकान्यांचे लांबलचक कागद काढले, पेन्सिलींना टोकं केली आणि नदीचं वेळापत्रक सुरू केलं. सात दहाला प्रस्थान. आठ पंचवीसला वीटभट्टी. नऊ चाळीसला बेट, थांबा सहा मिनिटं.

"सहा मिनिटांत काय होतं?" आत्याने विचारलं.

"ड्रायव्हरचा चहा होतो."

"मी काय बस आहे?"

"बरं, आठ करतो."

दुसरा मुक्काम त्यांनी झुडपांच्या काठावर टाकला, तर आत्याने सरळ खोडरबर घेऊन तो पुसला आणि पलीकडच्या काठावर नेला. वळणावरच्या मुक्कामाला तंबूचं दार कुठल्या बाजूला करायचं यावर दोन दिवस वाद चालला. काका म्हणत सूर्य इकडून उगवतो, आत्या म्हणे सूर्याने आजवर एकही शिवण उसवलेली नाही. तंबू तिने स्वतःच शिवला, दोघांपुरता, निळा. मीठ, साखर, तांदूळ सगळं स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोललं. सामान कोरडं राहावं म्हणून तिने मेणकापडाच्या पिशव्या शिवल्या, दुहेरी शिवणीच्या, अगदी नजर लागावी अशा. बादलीत बुडवून पाहिल्या तर प्रत्येक टाक्यातून पाणी आत! जन्मभर भोकं बुजवणारी बाई स्वतःच्याच पिशवीला हजार भोकं पाडून मोकळी झाली होती. काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. आत्याने त्यांच्या पाठीवर जरा जास्तच जोरात थापट्या मारल्या आणि सगळ्या शिवणींवरून मेणाचा हात फिरवला. ती दोघं इतकी भांडताना आणि इतकी खुशीत मी पूर्वी कधी पाहिली नव्हती.

फक्त एक गोष्ट होत नव्हती. निघणं.

पहिली तारीख ठरली, तर काकांना स्टोव्हचा वायसर मिळेना. दुसरी ठरली, तर वाऱ्याचा अंदाज बरा नव्हता. तिसऱ्या वेळी म्हणाले, चौथ्या दिवसाचं अजून नीट बसत नाहीये, आठवडाभर थांबू. मग एक दिवस होडीवाल्या बाईंचा फोन आला. होड्या त्यांच्या, नियमही त्यांचे. त्या म्हणाल्या, "महिनाअखेरपर्यंत पाणी आहे, मग मी होड्या आत घेते. यायचं असेल तर रविवारी तळ्यावर या. माझ्यासमोर होडी उलटवून परत आत चढून दाखवाल, तरच शनिवारी नदीत सोडीन."

आत्याने फोन ठेवला आणि टेबलावरच्या पेन्सिली गोळा करून डब्यात टाकल्या. मी वर जायला निघाले तेव्हा ती जिन्यात आली आणि हळूच म्हणाली, "ते नको म्हणाले असते तर मी भांडले असते गं. हो म्हणणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं? त्यांना माझ्याबरोबर यायचंच नाहीये बहुतेक. आणि पुढच्या वर्षी हा खांदा काही मला वल्हं मारू देणार नाही."

मला काकांचा असा राग आला की विचारू नका.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काका म्हणाले, "मी जरा औषधाच्या दुकानात जाऊन येतो. तू तेवढी या कागदाची झेरॉक्स काढून आण." कागद घडी घातलेलाच होता. झेरॉक्सवाल्याने तो काचेवर ठेवण्यासाठी पूर्ण उलगडला, तेव्हा उजवीकडची एक घडी उघडली. ती आम्ही कधीच पाहिली नव्हती, कारण टेबलावर काकांचं कोपर कायम तिच्यावरच असायचं.

तिथे आणखी एक रकाना होता. फिकट पेन्सिलीत, बारीक अक्षरात. वीटभट्टी फाटा, बस सात पन्नासला, काठापर्यंत चालत बारा मिनिटं, थर्मास. बेटासमोरचा थांबा, बस नऊ दहाला, चालत सात मिनिटं, उतार आहे, जपून. पहिल्या दिवसापासून पाचव्यापर्यंत नदीकाठाने जाणाऱ्या बसच बस. मी मोजल्या, सतरा होत्या. फक्त चौथ्या दिवसाची चौकट रिकामी होती. लिहून पुसून, लिहून पुसून तिथला कागद पातळ झाला होता. आणि सगळ्यात वर, होडीच्या जागी लिहिलं होतं: पुढे, ही. मागे, भाची.

भाची म्हणजे मी. मला कोणी विचारलेलं नव्हतं!

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे काकांना माहीत असायला हवं होतं. मी तो कागद तडक घरी नेऊन आत्याच्या हातात दिला. तिने तो टेबलावर पसरला, दोन्ही तळव्यांनी सपाट केला आणि वरपासून खालपर्यंत वाचला. ती दुसऱ्यांदा वाचत होती तेव्हा काका दारात आले.

"हे काय आहे?" आत्याने विचारलं.

काकांनी हातातली पिशवीही खाली ठेवली नाही. "बसचा रकाना."

"तुम्ही बसने येणार?"

"प्रत्येक मुक्कामाला तुमच्या आधी पोचतो. चहा तयार ठेवतो. कुठेही चाळीस मिनिटांपेक्षा जास्त वाट बघायला लागत नाही."

"आणि होडी?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. मग एकदाचं बोलले. "पाणी घोट्याच्या वर आलं की मला काही सुचत नाही. लहानपणापासून आहे हे. तुला सांगायचं राहून गेलं."

"एकतीस वर्षं राहून गेलं?"

"आधी लाज वाटली. मग फार उशीर झाला."

मला एकदम सगळ्या सहली आठवल्या. समुद्र असो, तळं असो, धबधबा असो, काका म्हणणार, "तुम्ही जा रे सगळे, मी चपला सांभाळतो." आमच्या घरात पाण्याच्या प्रत्येक फोटोत एका कोपऱ्यात चपलांचा ढीग आणि त्याच्याजवळ बसलेले काका आहेत. आम्हाला वाटायचं, किती हा त्याग! आत्यालाही तेच आठवलं असणार, कारण तिच्या तोंडातून एक हसू फुटलं आणि अर्ध्यावरच डोळ्यांत पाणी आलं.

"मला वाटलं, तुम्हाला माझ्याबरोबर यायचंच नाहीये," ती म्हणाली.

"अगं, यायचंय म्हणून तर सतरा बस शोधल्या!"

आत्याने पदराने नाक पुसलं आणि त्या पातळ झालेल्या चौकटीवर बोट ठेवलं. "मग हे रिकामं का?"

"तिथे रस्ताच नाही. सगळ्यात जवळचा थांबा एकोणीस किलोमीटरवर. तीन आठवडे शोधतोय, डेपोत चार फेऱ्या झाल्या. त्यासाठीच तर तारीख ढकलत होतो." काका खुर्चीवर बसले. "ती एक रात्र तुझ्याविना जाते. ते काही मला बसवता येईना."

खरं कारण ना वायसर होतं, ना वारा. आदल्या दिवशी ज्या माणसावर मी इतकी चिडले होते तो हा! मला माझीच लाज वाटली आणि मी उगाचच ताटं घ्यायला उठले.

"राहू दे," आत्या म्हणाली. "एका रात्रीचं काय एवढं! भाची आहे बरोबर."

"नाही," काका म्हणाले. त्यांनी खिशातून पेन काढलं. पेन्सिल नव्हे, पेन. आणि त्या चौकटीत लिहिलं, होडी. "चौथ्या दिवशी मी बसतो, भाची बसने. पाचव्याला पहिल्याच थांब्यावर पुन्हा अदलाबदल. एकच दिवस."

रविवारी सकाळी आम्ही तिघं तळ्यावर. होडीवाल्या बाई शेजारच्या दुसऱ्या होडीत, गळ्यात शिट्टी. आधी मी आणि आत्या. मला वाटलं होतं मी किंचाळेन. किंचाळलेच, पण वर आल्यावर, आणि आनंदाने. आत्या वर आली ती हसतच, केस तोंडावर, आणि म्हणाली, "पिशव्या आतून कोरड्या आहेत का ते बघ आधी!" होत्या. आम्ही धडपडत परत चढलो. खरं सांगायचं तर मला नदीचं वेडच लागलं. गेल्या तीन दिवसांत मी आमच्या दातांच्या डॉक्टरांशी भांडून सुट्टी मिळवली होती, मोठ्या काठाची टोपी घेतली होती आणि दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला, तोंड उघडं असताना, नदीबद्दल सांगून झालं होतं.

मग काका. लाइफ जॅकेटचे सगळे पट्टे दोनदा ओढून पाहिलेले. चष्म्याला आत्याने शिवून दिलेली पट्टी. ते मागच्या सीटवर बसले, आत्या पुढे. होडी काठापासून दूर गेली तसा त्यांचा चेहरा पांढरा पडत गेला.

"डोकं किती सेकंद पाण्याखाली राहतं?" त्यांनी बाईंना विचारलं.

"तीन."

"नक्की?"

"अहो, कमीच. चला!"

शिट्टी वाजली. होडी कलंडली. आत्या वर आली. काका आले नाहीत. आले, पण मला ते तीन सेकंद फार मोठे गेले. ते वर आले तेव्हा तोंड उघडं, डोळे घट्ट मिटलेले आणि दोन्ही हात आत्याच्या गळ्यात. आत्याने त्यांची कॉलर पकडली.

"अहो! अहो, काहीतरी बोला!"

काकांनी एक डोळा उघडला. मग दुसरा. पाय खाली हलवून पाहिले, पुन्हा हलवून पाहिले.

"पाय कुठेच टेकत नाहीत," ते म्हणाले. "आणि तरी मी आहे!"

"आहात ना," आत्या म्हणाली. "माझ्यासमोरच आहात."

परत आत चढताना चार वेळा घसरले. पाचव्यांदा आत्याने खालून ढकललं आणि बाईंनी वरून ओढलं तेव्हा पोटावर पालथे आत पडले, आणि तसेच पडून हसायला लागले. काठावर मी एकटीच टाळ्या वाजवत होते, तरी बऱ्याच वाजल्या.

बाईंनी वही काढली. "झालं, पास. तुमचा फक्त चौथा दिवस ना? बाकीचे चार दिवस ही मुलगी?"

काकांचे दात वाजत होते. ते उठून बसले, चष्मा सरळ केला. "बाई, पाचही दिवस माझं नाव लिहा."

तोवर आत चढलेली आत्या पुढच्या सीटवरून वळली आणि तिने त्यांच्या जॅकेटचा सैल झालेला पट्टा आवळला.

"आणि मी?" मी काठावरून ओरडले. "मी सुट्टी घेतलीय! मी टोपी घेतलीय!"

"तुला सतरा बस आहेत," काका तिकडून ओरडले. "वेळा अगदी पक्क्या आहेत. वीटभट्टीला थर्मास विसरू नकोस."

"आणि चौथ्या दिवशी? चौथ्या दिवशी बस कुठे आहे?"

"नाहीये ना," आत्या म्हणाली आणि काकांचा ओला हात धरून इतकी मोकळी हसली की होडी पुन्हा डुलायला लागली. "तेच बरं आहे."