तिच्या नंबरावर दुसरीच बाई

बायकोचं वर्षश्राद्ध दिवाळीनंतर यायचं होतं. जाताना तिनं एकच गोष्ट मागितली होती. म्हणाली, श्राद्धाला जी सवाष्ण जेवायला बसेल तिला द्यायच्या खणावर मी काढलेली शेवटची नक्षी असू द्या. ती नक्षी तिच्या लॅपटॉपात होती, आणि लॅपटॉप मी बंद पाडला. कसा, ते लिहितो. चौथीपर्यंत शिकलोय, त्यामुळं बोलतो तसंच लिहिणार.

ती माझ्यापेक्षा शिकलेली. मॅट्रिक. तरी लग्नानंतर निपाणीला तंबाखूच्या वखारीत आम्ही दोघंही कामाला. मी पोती उचलायचो, ती पाला निवडायची. पुढं बेळगावजवळ कंग्राळीला आलो. तिची आई धारवाडकडची, तिच्याकडनं ती कसुती शिकली होती. कसुती म्हणजे कापडाचे धागे मोजून सुईनं काढायचा कशिदा. गोपूर, रथ, हत्ती, तुळशीवृंदावन. डोळे अधू झाले तसे धागे मोजवेनात. मग पोरानं तिला भरतकामाचं मशीन आणि लॅपटॉप घेऊन दिला. लॅपटॉपवर चौकटी मोठ्या दिसतात. त्या चौकटी भरून ती नक्षी करायची, पेनड्राइव्हवर घालायची आणि मशीनला लावायची. गावातल्या बायका ब्लाउजवर काढून न्यायच्या. सून तिच्या हाताखाली शिकली. पोरगा गोव्याला नोकरीला, महिन्यातनं एकदा येतो.

शेवटची नक्षी तिनं आजारपणात अंथरुणावर बसून केली. लॅपटॉप माझ्याकडं फिरवून दाखवला. तंबाखूचं झाड. खाली रुंद पानं, वर फुलांचा तुरा.

मी म्हटलं, "खणावर तंबाखू? कोण घालंल असला? नवरा चुना मागंल तिच्याकडं."

"माझ्या नावानं जेवणारी घालंल. तुमी गप बसा."

"आणि वर तुरा कशाला? शेंडा तर खुडत्यात."

"म्हणूनच ठेवलाय. जल्मभर खुडलेलंच बघितलं."

तंबाखूचं पान जाड व्हावं म्हणून फूल येऊ देत नाहीत, ते आम्हाला सांगायला नको. मी हसलो, ती बी हसली. त्यानंतर ती मशीनपाशी जाऊन बसली नाही. नक्षी पेनड्राइव्हवर गेलीच नाही, लॅपटॉपातच राहिली. श्राद्ध जवळ आलं की नवा खण आणून काढू, असं सुनेचं आणि माझं ठरलं होतं.

मध्ये खंडेनवमी आली. आमच्याकडं त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं धुऊन पुजतात आणि दिवसभर चालवत नाहीत. विळा, खुरपं, कुऱ्हाड, सायकल. बायको मशीन आणि लॅपटॉप बी त्यात मांडायची. यंदा सून म्हणाली, "मामा, वर्षाच्या आत सण करत न्हाईत."

"सण कोण करतंय? हत्यारांचं कोण मेलंय? त्यास्नी एक दिवस इसावा मिळू दे."

ती फुलं आणायला गेली. मी एकेक वस्तू पाटावर ठेवत गेलो. लॅपटॉप उघडला तर तो चालू. मधे ठिपके गोल फिरत होते, खाली इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं आणि एक आकडा. मला वाटलं आता थांबंल, मग थांबंल. चहा पिऊन आलो, आकडा तिथंच. चालत्या हत्याराची पूजा कशी करायची? लॅपटॉप अडकला की बायको त्याचं बटण बराच वेळ दाबून धरायची, ते मी बघितलं होतं. तसंच दाबलं. पडदा काळा झाला. मी हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि हात जोडले.

दसऱ्याला पूजा उचलली आणि सुनेनं लॅपटॉप लावला. निळा पडदा आला आणि तिथंच थांबला.

"मामा, तुमी बंद केलासा काय हे? त्यात अपडेट चाललंतं. बंद करू नका म्हणून लिवलेलं असतंय."

"इंग्लिशमधी लिवलेलं."

"मग इचारायचं न्हाय?"

"मराठीत न्हाय तर न्हाय, कानडीत तरी लिवायचं. आमच्यात त्याच्यावरनं डोकी फुटत्यात आणि ह्यानं दोन्ही सोडलं."

ती हसली नाही. आत नक्षी अडकली हे तिला कळलं होतं. मला तोवर वाटत होतं, दुरुस्त होईल.

दुसऱ्या दिवशी बेळगावात दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानदार पन्नाशीचा कानडी माणूस, पण मराठी चांगलं बोलायचा. त्यानं बघितलं आणि सांगितलं की लॅपटॉप बिघडलेला नाही, त्याला कुलूप लागलंय. अपडेट मध्येच तुटलं की कधी कधी लॅपटॉप आपल्या मालकाला ओळखत नाही, एक लांबलचक आकडा मागतो. तो आकडा इंटरनेटवर मालकाच्या खात्यात असतो. खातं बायकोच्या नावावर. पासवर्ड कुणाला ठाऊक नाही. नवा पासवर्ड करायचा तर तिच्या मोबाइलवर ओटीपी जाणार.

"अज्जीस्नी फोन लावा की. बघून सांगतील."

"ती मेली."

त्यानं विचारलं, "मोबाइल असंल की घरात?"

मोबाइल होता. नंबर नव्हता. मेलेल्या माणसाचा रिचार्ज कशाला मारायचा, असं मीच म्हटलं होतं. दुकानदार म्हणाला बघू तरी, आणि त्यानं नंबर लावला. रिंग वाजली. कुणीतरी फोन उचलला.

"यारू?" कोण, म्हणून कानडीत विचारलं. बाईचा आवाज, तरुण.

कंपनीनं तो नंबर दुसऱ्याला विकला होता. दुकानदारानं तिला सगळं नीट समजावून सांगितलं. हा नंबर आधी एका बाईचा होता, ती वारली, आता तुमच्या फोनवर एक ओटीपी येईल, तेवढा वाचून दाखवा. ती म्हणाली, ओटीपी कुणालाच सांगायचा नसतो. मग मी फोन घेतला. माझं कानडी बाजारातलं, भाव करण्यापुरतं. धाकट्या बहिणीला म्हणतात तसं म्हटलं, "तंगी, तुझे पैसे नकोत. माझ्या बायकोची एक नक्षी अडकलीय."

कानडीतच ती म्हणाली, "अज्जा, काल एकजण पोलीस होऊन बोलत होता. आज तुमची बायको मेली. उद्या कोण मरणार?"

"उद्या मी," मी म्हटलं.

तिनं फोन ठेवला. परत लावला तर लागेना. दुकानदारानं दुसऱ्या फोनवरनं लावला, तिनं आवाज ऐकला आणि ठेवला.

"तिचं काय चुकलं न्हाय, काका," दुकानदार म्हणाला.

"म्हाईत हाय. माझ्या सुनेनं असा ओटीपी सांगितला असता तर मी तिला घरात घेतलं नसतं."

पोरानं गोव्यातनं लॅपटॉपवाल्या कंपनीला लिहिलं. तिकडनं उत्तर आलं की खातं तुमचंच आहे हे आम्हाला पटत नाही. बरोबरच आहे. खातं आमचं नव्हतंच, तिचं होतं.

लॅपटॉप तसाच कपाटात ठेवला. तुळशीचं लग्न जवळ आलं, त्यानंतर लग्नसराई. सुनेकडं बायका ब्लाउज घेऊन यायच्या आणि नवी नक्षी नाही म्हटल्यावर सांबरे गावात दुसरीकडं जायच्या. दुकानदारानं पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, आतलं सगळं पुसलं तर लॅपटॉप नव्यासारखा चालेल. मी सुनेला म्हटलं, पुसून आणू.

"नको मामा. ऱ्हाऊ दे. कधीतरी आकडा सापडंल."

"कुठं सापडंल? ती काय सांगाय येणार हाय?"

ती रडायला लागली. मी लॅपटॉप पिशवीत घातला आणि एकटाच गेलो. दुकानदार म्हणाला ठेवून जा, संध्याकाळी या. मी गेलो नाही. पुसताना समोर स्टुलावर बसलो. तेच ठिपके फिरत होते. ह्या वेळी मी हात लावला नाही. आकडा शंभरावर गेला तेव्हा त्यानं लॅपटॉप माझ्याकडं फिरवला. पडदा स्वच्छ, त्यावर कुठलातरी डोंगर.

सुनेनं मला समोर बसवलं आणि म्हणाली, सांगा कसं होतं ते, मी काढते. मी सांगत गेलो, ती चौकटी भरत गेली. पानं केळीची झाली. तुरा तर जमेचना. किती पाकळ्या होत्या, कुठल्या बाजूला कलल्या होत्या, मला सांगता येईना. मी निपाणीत एवढी वर्षं तंबाखू उचलली, पण वाळलेली. फुलाचं झाड मी तिच्या लॅपटॉपावरच काय ते बघितलं होतं.

"मग गोपूर काढू काय? आत्यांचंच हाय, पेनड्राइव्हवर हाय," ती म्हणाली. "कुणाला कळतंय?"

"मला कळतंय."

"मग काय देणार हाईसा?"

"नुसता खण."

श्राद्धाला गल्लीतलीच एक सवाष्ण सांगितली होती. जेवली, विडा घेतला. सुनेनं कुंकू लावून तिच्या हातात साडी आणि खण दिला. तिनं खण उलटून बघितला, परत सुलटा केला.

"नक्षी न्हाय व्हय?" ती म्हणाली. "तुमच्या घरचा म्हणून मला वाटलं असंल."

सून माझ्याकडं बघायला लागली.

"न्हाय," मी म्हटलं. "तिनं काढली होती. माझ्याकडनं पुसली गेली."

बाई खण साडीत गुंडाळून गेली. मला वाटलं होतं खरं सांगितल्यावर जरा बरं वाटेल. तसं काही वाटलं नाही. सून ताटं उचलून आत गेली, आणि थोड्या वेळानं मशीन चालू झाल्याचा आवाज आला. कुणाचातरी ब्लाउज लग्नाआधी द्यायचा होता.